जन्म देणारीचं नाव

नवघरच्या जिजाबाई धवलारीण होत्या. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी येण्याआधी आणि भटजी गेल्यावरही गाणी म्हणून जी बाई लग्न लावते, ती धवलारीण. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. धवल्यात आधी देवांना बोलावणं असतं, दर्याला असतं, घरातल्या मेलेल्या माणसांना असतं, आणि मग मांडवात बसलेल्यांची एकेक करून नावं येतात. ज्याचं नाव आलं तो त्या लग्नाला होता. ज्याचं आलं नाही तो नुसता जेवून गेला.

नावांच्या बाबतीत जिजाबाई फार कडक. नवरीला हळद काकूने लावो, कन्यादान मामाने करो, गाण्यात आईच्या जागी नाव यायचं ते जन्म देणारीचंच. मग ती विधवा असो की नवऱ्याने टाकलेली.

"हात कोनाचाबी लागूं दे," त्या म्हणायच्या. "जिने पोटात ठेवली तिलाच मी हाक मारनार. ज्याला नको त्याने दुसरी धवलारीन बघावी."

दुसरी सहजासहजी मिळत नसे, म्हणून लोक ऐकत.

नीलिमा ही जिजाबाईंची मुलगी. वय चव्वेचाळीस. तिच्या हेमालीचं लग्न राई गावच्या निकेतशी ठरलं, तेव्हापासून नीलिमाला एकच गोष्ट हवी होती. ती विधवा असल्यामुळे कन्यादानाला तिचा भाऊ जानू आणि वहिनी दुर्गा बसणार, हे कुणी न बोलताच ठरलं होतं, आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण लग्नाच्या धवल्यात 'हेमालीची आये' म्हणून तिचं नाव यावं, आणि ते येईल तेव्हा आपण सगळ्यांसमोर मांडवात बसलेलो असावं, एवढं मात्र तिला हवंच होतं. अठरा वर्षं तिने आपलं नाव कुठे सांगितलं नव्हतं.

हेमाली चार वर्षांची असताना नीलिमाचा नवरा रोशन काविळीने गेला. तो टेम्पो चालवायचा. आठ दिवसांत घर रिकामं झालं, आणि ती हेमालीला घेऊन माहेरी आली. लग्नाआधी नीलिमा गणपतीत ऑर्केस्ट्रात गायची, तिथे आत्माराम मास्तर कीबोर्ड वाजवायचे. रोशनच्या बाराव्यानंतर मास्तर भेटायला आले आणि म्हणाले, "ताई, एक काम आहे. गायचंच आहे. फक्त जागा चांगली नाही."

जागा म्हणजे हायवेवरचा एक ऑर्केस्ट्रा बार.

त्या बारला परवाना होता गाण्याचा, नाचाचा नव्हता. म्हणून स्टेजवर उभ्या असलेल्या सहाही पोरी कागदावर गायिका होत्या, आणि सहाही जणींच्या हातात माइक होते. सगळे बंद. चालू माइक एकच होता, आणि तो कीबोर्डच्या मागे, पडद्याच्या आडोशाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या नीलिमाच्या हातात होता. पुढची पोरगी ओठ हलवायची, मागून नीलिमा गायची. इशिता पुढे आली की आवाज बारीक आणि लाडिक. दिव्या आली की जरा भारदस्त. एका संध्याकाळी ती सहा बायकांच्या आवाजात गायची. समोरची माणसं तिला दिसत नसत आणि ती त्यांना दिसत नसे. तिला दिसायच्या फक्त पोरींच्या पाठी आणि टाचा. नव्या सँडलने कुणाची टाच सोललीय, हे मालकाच्या आधी तिला कळायचं.

पण नेहमी येणारी माणसं कानाची पक्की असतात. सहा पोरींचा गळा एकच आहे हे त्यांनी ओळखलं. फर्माईश लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर लिहून यायला लागलं, 'पीछेवाली से गवाओ.' तेच तिचं नाव पडलं.

"पीछेवालीचा चेहरा बघायचाय म्हणे एकाला," मास्तर चिठ्ठी दाखवून म्हणायचे.

"सांगा, चेहरा रिपेअरला दिलाय. आवाज तेवढा चालू आहे."

मास्तर हसायचे आणि पुढचं गाणं सुरू करायचे.

एसी, सिगारेटचा धूर, आणि घसा बसला तरी सुट्टी नाही. पस्तिशीत तिचे वरचे सूर गेले. मास्तरांनी आधी एक पट्टी खाली घेतली, दोन वर्षांनी आणखी एक. डॉक्टरने घशात कॅमेरा घालून बघितलं आणि सांगितलं, गाठी आहेत, दोन महिने एक शब्द बोलायचा नाही. ती तिसऱ्या दिवशी कामावर गेली. एकदा धाड पडली. खऱ्या गायिका कोण ते बघायला साहेबांनी एकेकीला जागेवर गायला लावलं. इशिताच्या तोंडून आवाज फुटेना, ती रडायलाच लागली. नीलिमाला वाटलं, हिच्यासाठी आपण गावं. पण तिथे पडदा नव्हता. इशिताला महिला सुधारगृहात नेलं. ती परत आली नाही, आणि आठवड्याभरात तिच्या जागी दुसरी पोरगी तोच माइक घेऊन उभी राहिली.

घरी सगळ्यांना माहीत होतं ते असं, की नीलिमा बेव्हर्ली पार्कमधल्या एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची रात्रपाळी करते. जानू, दुर्गा, हेमाली, आळीतले लोक, सगळ्यांनी ते मानलं. आई सोडून. जिजाबाईंनी सहा महिन्यांतच तिला विचारलं होतं, "पेशंटला कूस बदलून कुनाचा गला बसतो गो?"

जिजाबाईंनी पुढे विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून, दुपारची जेवणं झाली की त्या मुलीला समोर बसवून धवले शिकवायला लागल्या.

"गानं पाठ करू नको," त्या सांगायच्या. "मानसं पाठ कर. कोन कुनाची, कोन कुठं दिली, कोन बुडला, कोन जगला. मानसं पाठ झाली का गानं मागून येतं."

नीलिमा चुकली की त्या रागवत नसत. 'पुन्हा' म्हणायच्या. एकाच कडव्याला चाळीस वेळा 'पुन्हा' म्हणायची त्यांची तयारी असे. बारमध्ये जो घसा बसून बोजड झाला होता, तो इथे बरा लागायचा. धवल्याला गोड आवाज लागत नाही, दमदार लागतो. अशी सतरा वर्षं गेली. नीलिमाला सगळं येत होतं, पण गावात ती कधी गायली नाही. चेहरा कुणी पाहिलेला नाही, म्हणजे आपल्याला कुणी ओळखत नाही, असं ती धरून चालली होती. पण गायची हिंमत तिने केली नाही.

गेल्या वर्षी जिजाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. म्हणून हेमालीच्या लग्नाला उत्तनकडच्या अनसूयाबाईंना बोलावलं. वय पंच्याहत्तर, त्यात दमा. नीलिमाने त्यांना आधीच घरी बोलावून सगळी नावं सांगून ठेवली.

"आयेच्या जागी तुझंच ना गो?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"माझंच."

"बरं. जिजाच्या घरात दुसरं घेतलं तर ती बिनवाचेची मला शिव्या घालंल."

हळदीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला राईहून नवऱ्याची उष्टी हळद आली. पुढे बेंजो, मागे बायका, त्यांच्या मागे सकाळपासून घसा ओला करत असलेले पुरुष. निकेतची आई आली, आजी आली, आणि मामा सुभाष आला. त्याचं केबिन रोडला टाइल्सचं दुकान होतं. हेमालीला पाटावर बसवलं. दुर्गाने हळदीत बोटं बुडवली आणि अनसूयाबाईंनी धवला सुरू केला.

हळद लागत असताना धवला तुटला तर वाईट, असं सगळे मानतात. तिसऱ्या कडव्याला अनसूयाबाईंना ठसका लागला. पाणी दिलं, पाठ चोळली, पण ठसका थांबेना. दुर्गाचा हात हेमालीच्या गालापाशी तसाच थांबला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"तुटला का गो धवला?" निकेतच्या आजीने विचारलं.

दारात खुर्चीवर बसवलेल्या जिजाबाईंनी डाव्या हाताने नीलिमाच्या दंडाला चिमटा काढला. इतक्या जोरात, की तिथे दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसत होतं. आणि नीलिमाने जिथे बसली होती तिथूनच चौथं कडवं उचललं.

तिला वाटलं होतं, गळा दगा देईल. दिला नाही. कुणाच्या ओठांना जुळवून घ्यायचं नव्हतं, बारीक करायचा नव्हता, लाडिक करायचा नव्हता. बेंजोवाले हातातले चहाचे कप तसेच धरून ऐकत राहिले. निकेतच्या आजीने डोळे मिटले. देव आले, दर्या आला, रोशन आला, आणि मग तिने ते कडवं घेतलं.

*मांडवान कोन बसली गो, कोन बसली?*
*हेमालीची आये बसली, नीलिमा बाय बसली.*

भोवतीच्या चाळीस बायकांनी ते पलटून म्हटलं. नीलिमा बाय बसली. हेमालीने पिवळ्या तोंडाने वर बघितलं आणि हसली. आपल्या आईला असं सगळ्यांसमोर गाता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने सुभाषमामा मोठ्याने म्हणाला, "अरे! ही तर पीछेवाली!"

असं म्हणताना त्याच्या तोंडावर खरा आनंद होता. जुना मित्र भेटावा तसा.

"कंची पीछेवाली?" त्याच्या बायकोने विचारलं.

"ती... ती गानारी. हायवेवर..." बोलता बोलता त्याची जीभ जड झाली. शेजारचे दोघे जण हातातल्या ग्लासात बघायला लागले.

"हायवेवर कुठं?"

"अगं, मित्रांनी नेलता. एकदा."

"एकदा ऐकून नुस्त्या आवाजावरनं वलखलीत? माझा आवाज चोवीस वर्सं ऐकताव, फोनवर 'कोन बोलतंय' म्हनून विचारताव!"

लोक खो खो हसले. ते हसणं सुभाषवर होतं. पण ते ओसरलं तेव्हा सगळ्यांच्या माना नीलिमाकडे वळलेल्या होत्या.

नीलिमाने धवला तोडला नाही. हळद पुरी लागेपर्यंत, उरलेली पाच कडवी ती गायली. बायकांनी पलटून म्हणायचं मात्र थांबवलं होतं.

राईची मंडळी जेवायला थांबली नाहीत.

हेमालीने हळद धुतली नव्हती, तशीच ती आतल्या खोलीत येऊन आईसमोर बसली. "बेव्हर्ली पार्कची आजी?" तिने विचारलं.

"नाहीये."

"मी दर दिवाळीला तिच्यासाठी करंज्या द्यायची डब्यात."

"पोरी खायच्या. आवडायच्या त्यांना."

हेमालीने मेंदीवरची हळद बोटाने खरवडली. "मला सांगायचंस तरी, आई."

"सांगून काय केलं असतंस?"

"खोटं नीट बोलले असते. सगळ्यांना सांगत फिरले, माझी आई पेशंटची सेवा करते."

तिचा फोन वाजला. निकेतचा होता. ती मागच्या दारी जाऊन बोलली. परत आली तेव्हा म्हणाली, "निकेत बोलतोय, त्याला काही प्रॉब्लेम नाही. फक्त त्याच्या आईला थोडं शांत होऊ दे. सकाळी त्या येतायत."

सकाळी निकेतची आई आणि आजी आल्या. सुभाषमामा आला नाही. त्याला कुणी काही विचारल्याचं पुढेही कुणाच्या कानावर आलं नाही. चहाला कुणी हात लावला नाही. निकेतची आई जानूकडे बघत बोलली, नीलिमाकडे नाही.

"लगीन मोडायचं न्हाय आमाला. पोरगी चांगली हाय. पन संध्याकाली आमची पाचशे मानसं येतील. ही बाई मांडवात दिसली तर आमाला तोंड दाखवाया जागा न्हाय. एवढंच सांगाया आलो."

जानूने मान खाली घातली. दुर्गा पटकन म्हणाली, "नाही दिसणार. आम्ही बघतो."

"आनि धवला?" आजीने विचारलं. म्हातारीचा जीव त्यातच अडकला होता. "धवल्याबिगर माझ्या नातवाचं लगीन लागत न्हाय. अनसूयेचा दम काल बघितला मी. आनि खरं सांगू, कालचा आवाज देवाचा व्हता. आवाज पायजे मला. बाई नको."

आवाज बाईपासून वेगळा कसा करायचा, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं.

"मी आत बसते," नीलिमा म्हणाली. "आयेच्या खोलीत. चालू माइक आत घ्या, वायर दाराखालून येईल. बाहेर अनसूयाबाई बसतील, त्यांच्या हातातला बंद ठेवा. त्यांनी फक्त ओठ हलवायचे. कडवं संपताना जरा लवकर मिटायचे. मग कळत नाही."

निकेतच्या आईने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. किळस आणि सुटका, दोन्ही एकदमच होतं त्या बघण्यात.

"चालंल," आजी म्हणाली.

त्या गेल्यावर नीलिमाला थोडं हलकं वाटलं. मांडवात बसणं गेलं होतं. पण गाणं तिच्याच तोंडी होतं आणि गाण्यात नाव होतं. ते नाव पाचशे माणसांसमोर पलटून म्हटलं जाणार होतं. एवढं तरी उरलं होतं.

दुपारी दुर्गा आत आली. ती वाईट बाई नव्हती. जिजाबाईंची सगळी उस्तवार वर्षभर तिनेच काढली होती. दाराशी उभी राहून ती म्हणाली, "वन्सं, निकेतच्या आईचा फोन होता. ते... नावाचं."

"काय नावाचं?"

"काल तुमचं नाव सगळ्यांनी ऐकलंय ना. आज पुन्हा आलं तर लोक विचारतील, ही नीलिमा कोण, कुठे आहे. मग पुन्हा तेच निघणार. त्या म्हणतात, कन्यादानाला जी बसणार तिचंच नाव घ्या." आणि मग, अगदी हळू, "म्हणजे माझं."

खाटेवर जिजाबाई टक्क डोळ्यांनी छताकडे बघत होत्या. ऐकू सगळं येत होतं.

"हेमालीला माहीत आहे?" नीलिमाने विचारलं.

हेमाली दुर्गाच्या मागेच उभी होती. केसांत अर्धे गजरे माळलेले होते.

"तू सांग," नीलिमा तिला म्हणाली. "तू म्हणशील तसं."

"आई, नाव काय..." हेमालीने सुटलेला गजरा हातात धरला. "एका गाण्यातलं... नंतर आपण..." जिजाबाईंच्या घरात वाढलेल्या मुलीला हे वाक्य पुरं करणं शक्यच नव्हतं. "प्लीज, आई," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

गोरज मुहूर्त होता. दार लोटून घेतलं होतं आणि खालून वायर आत आली होती. नीलिमा आईच्या खाटेला टेकून खाली बसली. साउंडवाल्याने विचारलं होतं, "ताई, आत ऐकायला मॉनिटर लागेल का?" तिने नको म्हणून सांगितलं होतं. बाहेर खुर्च्या सरकल्या, पोरं ओरडली, बेंजो थांबला. तिने सुरुवात केली.

बाहेरचं तिला काही दिसत नव्हतं, पण बायका पलटून म्हणत होत्या त्यावरून सगळं कळत होतं. हेमाली पाटावर आली. अंतरपाट धरला. अनसूयाबाईंचं जमत असावं, कारण कुठे कुजबुज नव्हती. बाहेर एक बाई म्हणाली, "म्हातारीचा आवाज बघ गो या वयात!"

देव झाले. दर्या झाला. रोशन झाला. आईचं कडवं आलं.

*मांडवान कोन बसली गो, कोन बसली?*

बायकांनी प्रश्न पलटला. नीलिमाने श्वास घेतला, तेवढ्यात जिजाबाईंचा डावा हात खाटेवरून खाली आला आणि माइकवर बसला. घट्ट. पन्नास वर्षं मासळीची टोपली उचललेला हात. नीलिमाने वर बघितलं. आई तिच्याकडे बघत मान हलवत होती. नाही. नाही.

बाहेर शांतता पसरली. कुणीतरी खाकरलं. बंद माइक हातात घेऊन, तोंड उघडं ठेवून अनसूयाबाई बाहेर कशा बसल्या असतील, हे नीलिमाला न बघता दिसलं. अंतरपाटामागे उभी असलेली हेमालीही दिसली. श्वास धरून.

तिने आईच्या हाताचं एक बोट उचललं. मग दुसरं. जिजाबाईंनी ते पुन्हा आवळलं. नीलिमाने ओठ दातांखाली धरला, पाचही बोटं एकदम सोडवली, तो हात आपल्या गुडघ्याखाली दाबून धरला आणि गायली,

*हेमालीची आये बसली, दुर्गा बाय बसली.*

आवाज हलला नाही. चाळीस बायकांनी पलटून म्हटलं. दुर्गा बाय बसली. गुडघ्याखालचा हात आधी धडपडला, मग सैल पडला.

पुढचं कडवं नवऱ्याच्या मामाचं होतं. त्यातलं नाव बदलायला कुणी सांगितलं नव्हतं. नीलिमाने सुभाषमामाचं नाव घेतलं, आणि बाहेर टाळ्या पडल्या.